व्हर्डेलचा भांग कुठल्या बाजूला?

ओझेल प्रॅटर माणसाच्या तोंडाकडे बघत नाही. हा उद्धटपणा नव्हे, त्याला सवयच नाही. जन्म गेला खुर्चीमागे उभं राहण्यात, त्यामुळे तो बोलतो ते समोरच्या आरशातल्या माणसाशी. रविवारी चर्चच्या दारात कुणी समोरून येऊन हात पुढे केला की ओझेल हात मिळवतो खरा, पण कोण ते त्याला कळत नाही. तो माणूस दोन पावलं पुढे जाऊन पाठमोरा झाला की मग हा मागून ओरडतो, "अरे, ग्रोव्हर ना तू? केस किती वाढवलेस!"

त्याचं दुकान मिलवॉकीच्या उत्तर भागात, आम्हा काळ्यांच्या वस्तीत, आमच्या चर्चपासून हाकेच्या अंतरावर. मी तिथे रोज जातो. माझ्या डोक्यावर एकही केस नाही, तरी जातो. चाळीस वर्षं शहराची बस चालवली, आता निवृत्त आहे, घरी बायको टीव्हीचा आवाज कमी करू देत नाही, मग जायचं कुठे? ओझेल मला म्हणतो, "क्लिओथा, तू माझं सर्वांत स्वस्त गिऱ्हाईक आहेस. खर्चही नाही, उत्पन्नही नाही." मी म्हणतो, मी आहे म्हणून दुकान भरलेलं दिसतं.

त्याचा बाप मिसिसिपीतून इथे ओतकामाच्या कारखान्यात आला. पोरानेही तिथेच चिकटावं ही बापाची इच्छा. ओझेल सहा महिने टिकला. मग काकाच्या तळघरात दोस्तांची डोकी भादरायला लागला. व्हर्डेल स्टोक्स हा त्याचा पहिला बळी. पुढे दुकान झालं, खुर्च्या आल्या, कारागीर आले आणि गेले, व्हर्डेल मात्र दर गुरुवारी त्याच खुर्चीत. बारीक कापलेले केस, आणि त्यात वस्तऱ्याने ओढलेला सरळ भांग. केस रंगवायचा. आम्हाला ठाऊक नाही असं समजायचा. आम्हीही त्याला तसं समजू दिलं.

ओझेलच्या दुकानात एक नियम आहे. ज्याची कोर्टात तारीख असेल त्याचे केस फुकट. आमच्या भागात तारखा बऱ्याच असतात, म्हणून मी एकदा त्याला म्हणालो होतो, बाबा, तुझं दिवाळं निघेल. तो आरशातून माझ्याकडे बघत म्हणाला, "हॉलिसपासून सुरू केलंय. मोडणार नाही."

हॉलिस म्हणजे व्हर्डेलचा धाकटा भाऊ. एकोणीस वर्षांचा होता. ओझेलने त्याचे केस कापले, शर्टाची कॉलर नीट केली आणि कोर्टात पाठवला. तिथून तो तुरुंगात गेला, आणि तुरुंगातून आली ती बंद पेटी. हृदय बंद पडलं म्हणाले. पेटी उघडू नका म्हणाले. त्याची आई, जिला आम्ही सगळे मानाने मिस अर्लीन म्हणतो, पेटीवर हात आपटत होती आणि सहा माणसं तिला धरून होती, त्यातला एक मी. मिस अर्लीनने त्या दिवशी ठरवून टाकलं की जे मी पाहिलं नाही ते झालं नाही. तेव्हापासून तिच्या व्हरांड्यावरचा दिवा रात्रंदिवस चालू असतो. हॉलिस घरी येईल तेव्हा त्याला पायऱ्या दिसायला हव्यात. बल्ब गेला की व्हर्डेल बदलायचा. त्याने आईशी कधी वाद घातला नाही. बायको गेल्यावर तो आईकडेच राहायला आला होता.

आणि यंदा थंडी सरता सरता व्हर्डेलच गेला. दुपारी जेवून पडला, उठलाच नाही.

आमच्याकडे मयताची शेवटची हजामत त्याच्या स्वतःच्या न्हाव्याने करायची असते. फ्युनरल होमवाले सगळं करतात, सूट चढवतात, पावडर लावतात, पण डोक्याला परक्याचा हात लागलेला चालत नाही. तेव्हा ओझेल जाणार हे ठरलेलंच होतं. आदल्या दिवशी आम्ही दोघं मिस अर्लीनकडे गेलो. नव्वदीची बाई, डोळ्यांत धुकं, पण पाठ ताठ. चर्चमध्ये ती पहिल्या बाकावर पांढऱ्या कपड्यांत बसते आणि पाद्रीसुद्धा तिच्याकडे बघून प्रवचन आवरतो.

"ओझेल," ती म्हणाली, "एकाला त्यांनी मला बघू दिलं नाही. याला मी बघणार आहे."

"हो, मिस अर्लीन."

"मला तो ओळखू आला पाहिजे. भलताच कुणीतरी आणून ठेवलात तर मी सांगून ठेवते, मी मान्य करणार नाही."

"तुमचाच असेल. मी करतोय ना."

बाहेर आल्यावर ओझेल पायरीवर थांबला. म्हणाला, "क्लिओ, तिने याला ओळखलं नाही तर ती दोघांचीही वाट बघत बसेल." मला ते आधी सुचलं नव्हतं. सुचल्यावर मी मागे वळून व्हरांड्यावरच्या दिव्याकडे बघितलं.

बुधवारी सकाळी मी त्याला गाडीतून फ्युनरल होमला घेऊन गेलो. मी दाराशीच उभा राहिलो, मला तो वास सोसत नाही. व्हर्डेल टेबलावर उताणा होता आणि टेबलाचं डोक्याकडचं टोक भिंतीला चिकटवलेलं. मागे उभं राहायला जागाच नाही. आरसाही नाही, मयताला आरसा कशाला लागतो? ओझेल थोडा घुटमळला. मग बाजूने वाकून, तोंडासमोर तोंड आणून काम करायला लागला. काम करताना तो व्हर्डेलशी बोलत होता, नेहमीसारखा. कोणाची पोरगी कॉलेजात गेली, कोणाची गाडी ओढून नेली, बास्केटबॉलमध्ये आपल्या लोकांनी कशी माती खाल्ली. मशीन फिरलं, रंग लागला, शेवटी वस्तऱ्याने भांग. मागे सरून त्याने डोळे पुसले आणि म्हणाला, "अगदी तोच. बघ."

मी लांबून बघितलं. तोच होता. पण काहीतरी खटकलं. मेलेला माणूस खटकणारच, असं म्हणून मी गप्प बसलो.

गाडी चौकात लाल दिव्याला थांबली तेव्हा ओझेल म्हणाला, "क्लिओ, व्हर्डेलचा भांग कुठल्या बाजूला होता?"

"डावीकडे," मी म्हणालो. डावं-उजवं मला विचारू नका, चाळीस वर्षं बस चालवली आहे.

"कोणाच्या डावीकडे?"

"म्हणजे?"

"त्याच्या, की बघणाऱ्याच्या?"

दिवा हिरवा झाला. मागचा माणूस हॉर्न वाजवत राहिला आणि मी हातांकडे बघत बसलो. चाळीस वर्षं ज्याला दर आठवड्याला पाहिलं त्याचा भांग मला सांगता येईना. डोळे मिटले की डावीकडे दिसायचा, उघडले की उजवीकडे.

दुकानात नुसता गोंधळ उडाला. आमच्या चर्चचा कारभारी, डीकन हर्शेल, जो देवाच्या दारातसुद्धा वाद घालेल, तो म्हणाला, "डावीकडे. त्याच्या डावीकडे. मी चर्चमध्ये त्याच्या समोर बसतो."

"समोर बसतोस तर तुला उजवीकडे दिसणार," मी म्हणालो.

"मला उजवीकडेच दिसतो."

"मग डावीकडे काय म्हणतोस?"

"त्याच्या डावीकडे म्हणतोय ना! टकल्या, ज्याला केस नाहीत त्याने केसांत बोलू नये."

तिसऱ्या खुर्चीवरचा ट्रेव्हियन, हा आमचा तरुण कारागीर, हातावर गोंदवलेलं, कानात बाळी, त्याने फोन काढला. नाताळात त्याने व्हर्डेलसोबत सेल्फी काढला होता. फोटोत भांग व्हर्डेलच्या उजवीकडे. ओझेलचा जीव भांड्यात पडला. "तेच म्हणतो मी! तिथेच पाडलाय." तेवढ्यात हर्शेलने पाकिटातून चर्चच्या सहलीचा फोटो काढून टेबलावर आपटला. त्यात डावीकडे. एक मेलेला माणूस आणि त्याचे दोन भांग. आम्ही दोन्ही फोटो आळीपाळीने आरशासमोर धरले, तेव्हा तर चारही बाजूंना भांग झाले आणि माझं डोकं गरगरायला लागलं.

ट्रेव्हियन आपल्या फोनकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "अंकल ओ, माझी बाळी बघा. फोटोत उजव्या कानात आहे. मी डाव्या कानात घालतो."

सगळ्यांनी त्याच्या कानाकडे बघितलं, मग फोनकडे. सेल्फी आरशासारखा उलटा होता. म्हणजे भांग डावीकडे. म्हणजे बुधवारी सकाळी, जन्मात पहिल्यांदा मित्राच्या तोंडाकडे सरळ बघून, ओझेलने त्याला आरशात दिसायचा तसा हुबेहूब बनवला होता. पेटीत आरशातला व्हर्डेल निजला होता.

ओझेल आपल्याच गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसला. "मला तर तो अगदी बरोबर दिसत होता," तो म्हणाला. पुन्हा तेच म्हणाला. "क्लिओ, माझा हात गेला की डोकं गेलं?" मला खरंच माहीत नव्हतं. अजूनही नाही. त्याच्या बापाचंही शेवटी असंच झालं होतं, पायातले बूट उलटे घालायचा. ते मला आठवलं, त्यालाही आठवलं असणार. आम्ही दोघं त्यावर बोललो नाही.

हर्शेल म्हणाला, "तिला कळणार नाही. धुकं आहे डोळ्यांत."

"तिला कळेल," ओझेल म्हणाला.

मेलेल्याचे केस वाढत नाहीत. टोपी घालावी तर मिस अर्लीन घरात टोपी चालवून घेत नाही, पेटीत काय घेणार? सगळं डोकं गुळगुळीत करावं तर मग तो व्हर्डेल न राहता मीच दिसलो असतो. शेवटी ट्रेव्हियनने आपल्या कप्प्यातून रंगाचा फवारा काढला. हल्लीची पोरं कपाळाची रेघ काळीभोर दिसावी म्हणून मारतात तो. या फवाऱ्यावरून ओझेलने त्याला वर्षभर टोमणे मारले होते. "तू कारागीर आहेस की रंगारी? भिंती रंगव जा." आता त्याने गुपचूप हात पुढे केला. ट्रेव्हियननेही गुपचूप दिला. पोरगं चांगल्या घरचं आहे, हे मी त्या दिवशी मान्य केलं.

शुक्रवारी सकाळी आम्ही पुन्हा गेलो. ओझेलने चुकलेली रेघ फवाऱ्याने बुजवली आणि डावीकडे नवा भांग पाडला. या वेळी मी खिशात बायकोचा आरसा घेऊन गेलो होतो, तो समोर धरला. आरशात व्हर्डेल दिसला आणि ओझेलने एका झटक्यात रेघ ओढली. झाल्यावर मला विचारलं, "आता बरोबर?" मी म्हणालो, हो. पण आता मला तो आणखीच परका वाटत होता. बुधवारचा बरा होता असंही क्षणभर वाटलं. कुणाला सांगणार?

अंत्यदर्शनाला चर्च भरलं. मिस अर्लीन आली, पांढरा झगा, पांढरी हॅट, पांढरे हातमोजे. एका बाजूने ओझेल, दुसऱ्या बाजूने मी. पेटीपाशी ती थांबली. वाकली. बराच वेळ बघितलं. ऑर्गनवाल्यालाही काहीतरी जाणवलं असावं, त्याने वाजवणं हळू केलं.

"हा कोण आहे?" ती म्हणाली.

मी पेटीची कड धरली. ओझेलचा चेहरा राखेसारखा झाला. "मिस अर्लीन," तो पुटपुटला, "व्हर्डेल आहे. आपला व्हर्डेल."

"मी तुला विचारलं नाही."

तिने हात पुढे केला आणि डोक्यावरून फिरवला. डावीकडच्या भांगावरून बोटं गेली, थांबली नाहीत. तशीच उजवीकडे आली आणि तिथे अडकली. तिने हात उचलून डोळ्यांजवळ नेला. पांढऱ्या मोज्याची बोटं काळी झाली होती. पहिल्या चार बाकांनी ते पाहिलं. कुणीतरी "जीझस" म्हणालं, आणि ती प्रार्थना नव्हती.

मिस अर्लीनने मोजा काढला. उघड्या बोटांनी ती पुन्हा उजवीकडे गेली आणि फवाऱ्याखाली बुजलेली रेघ शोधली. कपाळापासून मागे, सावकाश. परत कपाळापासून मागे. रंग निघत गेला आणि बुधवारचा भांग वर आला.

"हा माझा भांग," ती म्हणाली. "शाळेत जाताना मी पाडायचे. माझ्या गुडघ्यांत बसायचा, मान हलवायचा, फणीने टपली खायचा." तिने तोंड ओझेलकडे वळवलं. "तूच बदललास ना रे? काकाच्या तळघरात. आईचा भांग नको म्हणाला, आणि तू ऐकलंस त्याचं. दोन दिवस मी त्याच्याशी बोलले नव्हते."

ओझेल त्या रेघेकडे बघत राहिला. त्याला हे आठवत होतं की नव्हतं, देव जाणे. त्याला विचारलं तर कधी हो म्हणतो, कधी नाही.

"व्हर्डेल," ती पेटीत वाकून म्हणाली, "बघितलं मी तुला. जा आता." आणि मग ती रडली, मोठ्याने, आजूबाजूला कुणी नसल्यासारखी. इतक्या वर्षांत मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. हॉलिसच्या वेळी ती रडली नव्हती, ओरडली होती. मीही रडलो. ओझेल रडत होता आणि रडताना पहिल्यांदाच सरळ समोरच्या जिवंत माणसाच्या तोंडाकडे बघत होता.

व्हर्डेल दोन भांग घेऊन जमिनीत गेला. नंतर चर्चच्या तळघरात जेवणं झाली, तळलेली कोंबडी, भाजलेली मॅकरोनी, पीचचा गोड पदार्थ, आणि प्रत्येक टेबलावर एकच चर्चा. हर्शेलचं म्हणणं, ओझेल चुकला म्हणून बरोबर आलं. ट्रेव्हियनचं म्हणणं, ओझेलच्या हाताला जुनं आठवत होतं. मी दोघांना हो म्हणालो. मला काहीच कळत नव्हतं आणि कोंबडी गार होत होती. ओझेल म्हणाला, "दोघंही गप्प बसा," आणि ताटात बघत राहिला.

गेल्या आठवड्यात भर दुपारी दुकानातला फोन वाजला. मिस अर्लीन. ओझेलने फोन कानाला लावला आणि आरशातून माझ्याकडे बघितलं.

"व्हरांड्यावरचा बल्ब गेलाय," तो म्हणाला.

आम्ही गेलो. वाटेत तो म्हणाला, "आता तिला सांगायला हवं का रे, की हॉलिस..." मी म्हणालो, तू सांग. तो म्हणाला, तू मोठा आहेस. मी म्हणालो, दोनच महिन्यांनी मोठा.

ती दारात खुर्ची टाकून बसली होती. "व्हर्डेल तर गेला," ती म्हणाली, "मी हात लावून बघितलंय. तेव्हा हे काम आता तुमच्याकडे. त्या दुसऱ्याचं डोकं माझ्या हाताखाली येत नाही तोवर."

ओझेलने नवा बल्ब खिशात टाकला. स्टुलावर चढला. मी स्टूल धरलं. त्याने जुना बल्ब धरला, थोडा थांबला, आणि खाली बघून हळूच विचारलं, "क्लिओ, कुठल्या बाजूला फिरवायचा?"

मी हात वर करून हवेत फिरवून बघितला. एकदा इकडे, एकदा तिकडे. खालून एक दिसत होतं, वरून दुसरं असणार. देवाशपथ सांगतो, मला सांगता येईना.

"फिरव रे कुठल्याही बाजूने!" मिस अर्लीन मागून ओरडली. "दिवा लागला म्हणजे झालं. पोरगं पायरीवर पडेल."

त्याने फिरवला, जुना काढला, नवा लावला. लख्ख उन्हात दिवा लागला, आणि आम्ही तिघं त्याच्याकडे बघत राहिलो.